कच्चा तक्ता

ड्युटीचा तक्ता मी पेन्सिलनेच करते.
बेचाळीस खाटांना तीन सिस्टर उरल्या
तेव्हाच शाईवरचा विश्वास उडाला.

या महिन्यात खोडलं : प्रणोती मेश्राम.
गडचिरोलीची. वारज्यात पाचजणींत एक खोली.
गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबाने,
म्हणजे नाइट करून जायचं
आणि बादलीखालच्या धारेकडे बघत जागायचं.
राजीनाम्यात लिहिलंय, वैयक्तिक कारण.
सात नंबरचे आजोबा गेले त्या रात्री
त्यांच्या पुतण्याने तिच्या अंगावर ट्रे भिरकावला.
तेही वैयक्तिकच म्हणायचं.

मागच्या मंगळवारी सभागृहात शिबिर झालं,
'ताणातून उभारी'.
नाइट सुटलेल्यांनाही थांबवून घेतलं.
बाई चांगल्या होत्या, बाणेरहून आलेल्या, आवाज मऊ.
म्हणाल्या, डोळे मिटा, आपल्या श्वासाकडे बघा.
आम्ही दुसऱ्यांचे श्वास मोजणाऱ्या :
तीस सेकंद, गुणिले दोन, चार्टवर नोंद.
स्वतःचा कुठे ठेवलाय ते आठवेना.
सुवार्ता पगारे घोरायला लागली.
कोणी तिला उठवलं नाही.
शिबिराचा एवढा उपयोग झाला.

जाताना प्रत्येकीला एकेक रोप.
माझं काउंटरवर आहे, सलाइनच्या कापलेल्या बाटलीत.
जगतंय. कसं, ते विचारू नका.

परवा प्रणोती लॉकरची किल्ली द्यायला आली.
साध्या कपड्यांत. केस मोकळे,
मी ते पहिल्यांदाच बघत होते.
बोलता बोलता तिला दिसलं,
तीन नंबरची युरिनची पिशवी काठोकाठ.
गेली, रिकामी केली, माप लिहिलं,
हात धुतले कोपरापर्यंत,
मग किल्ली दिली.

थांब म्हणायला तोंड उघडलं होतं मी.
पण कशासाठी थांब, हे पुढचं वाक्य
सव्वीस वर्षांत मला सापडलेलं नाही.
'डबा आणलास का?' एवढंच विचारलं.
'आता कशाला, मॅडम,' म्हणाली, आणि हसली.

एक तिला दाखवायचं राहून गेलं.
हा कच्चा तक्ता मी ज्या कागदावर करते
तो पाठकोरा आहे.
दर महिन्याला खोडून खोडून इतका पातळ झालाय
की अलीकडून पलीकडचं वाचता येतं :
'महोदय, विनंती की'
आणि खाली माझीच सही,
दुसरीच्या वर्गात मुलगा असतानाची.

इन्चार्जला नाइट नसते, असं नियमात आहे.
गुरुवारच्या चौकोनात
प्रणोतीचं नाव अजून पुसट दिसतंय.
त्याच्यावरच माझं लिहिलं.

पेन्सिलने.