ओली माती

ती समुद्रावरून आली तेव्हा अनवाणी होती.
"मेल्या जनावराचं कातडं आत नको," म्हणाली, उंबऱ्याबाहेरच थांबून,
आणि माझ्या नवऱ्यानं निमूट कंबरपट्टा सोडून ठेवला.
टायबरच्या या चिखलात तेव्हा सतरा घरं होती,
बाकी डुकरं, बोरू आणि हिवताप.

तिला पुढचं दिसायचं.
अंगात आलं की लयीत बोलायची,
आणि ऐकणारे घरी पोचेपर्यंत
त्या बोलांना पाय फुटायचे.
पूर येईल, याचं गाय मरेल व्हायचं,
गाय मरेल, याचं अमकीनं करणी केली.
एकदा त्यापायी एका बाईला दगड मारले.
त्या रात्री कार्मेंता जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या भट्टीशी येऊन बसली.
माहेरून आणलेल्या खुणा होत्या तिच्याजवळ,
आमच्या तोंडाला त्या बसेनात.
मग मलाच बोलायला लावायची:
पाणी म्हण, मीठ म्हण, सासू म्हण,
आणि माझ्या ओठांकडे बघायची,
सुईण बघते तशी, डोकं कुठवर आलंय.
एकेक आवाज ओढून काढला तिनं.
पंधरा झाले.
त्यातले दोन पायाळू.

ओळ बांधाला लागली की वळायची,
बैल वळतो तशी, आणि उलटी परत यायची.
"पुढचं नि मागचं, एकाच नांगरानं," म्हणाली.
हसली असावी. दात नव्हते तिला, कळायचं नाही.

मला वाटलं, आता भविष्य लिहील.
राजे, लढाया, या टेकडीचं काय होणार ते.
तिनं काडी माझ्या हातात दिली.
"ओप्पिया, तुझं काय राहिलंय?"

चुलीवरची पेज करपली तरी मी बोलले नाही.
मग वाडग्याच्या ओल्या काठावर,
हातावर तिचा हात घेऊन, कोरलं:
मी सेर्तोरचा.
मी म्हणजे वाडगा.
सेर्तोर नऊ दिवसांचा होता.
नाव ठेवलं त्याच संध्याकाळी गेला,
वाडग्यातलं काही खायचं वय नव्हतं त्याचं.

शेवटचं अक्षर माझ्याकडून उलटं पडलं.
पुसू का, विचारलं.
डोळे मिटून ती कुठं तरी फार लांब बघत होती.
"असू दे," म्हणाली,
"तसंच वाचतील."