पुरुमेंत

मे महिन्यातला शुक्रवार, म्हापशाचा बाजार.
सुकी सुंगटं, चिंचेचे गोळे, सोलं, अळसांद्यांची पोती.
बायका बोटाने चेपून बघतात,
भाव ऐकून हात मागे घेतात
आणि थोड्या वेळाने परत येऊन घेतातच.
चार महिन्यांचं घर भरायचं असतं.

मीही साठवणच शोधायला आलोय.
बेकरीच्या वरच्या मजल्यावर रेमेजियोचं दुकान.
पावाचा वास थेट काउंटरपर्यंत.

"चार टीबी," मी म्हणतो.
तो कॅल्क्युलेटरवर बोटं मारतो
आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवतो. तोंडाने सांगत नाही.
चवथीला हाच डबा साडेनऊ हजारांना नेला होता मी.
आता सोळा.
आणि तो दुसरा, बिस्किटाएवढा चपटा एसएसडी,
त्याचा आकडा बघून मी आधी चष्मा पुसला.

"कितें करतलो?" रेमेजियो म्हणतो,
"यंत्रांना शिकवायला मोठमोठी कोठारं बांधतायत म्हणे कुठे कुठे.
सगळा माल तिथे.
आमच्या ताटात काटे."

मग तो समजावतो, दर गिऱ्हाइकाला समजावत असेल तसं.
हार्ड डिस्क फिरते. हातातून पडली की संपली.
पण जाण्याआधी कण्हते, दोन दिवस तरी देते.
एसएसडी गप्प, झटपट, पडला तरी हूं की चूं नाही.
मात्र विजेविना वर्षानुवर्षं कपाटात ठेवशील
तर हळूहळू विसरायला लागेल.
आणि विसरलो, असं सांगणार नाही.

मला काय ठेवायचंय ते त्याला माहीत आहे.
बावीस वर्षांची जत्रेची नाटकं.
मये, कुडणे, पिळगाव, नार्वे.
रात्री अकराची घंटा साडेबाराला,
पडदा पडेपर्यंत कोंबडे आरवायचे.
खाणीवर ट्रक चालवणाऱ्याचा संभाजी,
पोस्टमनचा औरंगजेब, दाढी एका कानावरून सुटलेली.

माईक मी विंगेतल्या खांबाला टांगायचो.
तिथे खिळा होता, एवढंच कारण.
त्याच खांबाखाली स्टुलावर
सगुण मणेरकर, प्रॉम्प्टर, टॉर्च आणि वही घेऊन.
म्हणून प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये
आधी सगुण बोलतो, मग संभाजी.
आधी सगुण हळू आवाजात मरतो,
मग संभाजी ओरडून.

"तो मागचा आवाज काढ रे," सगळे म्हणायचे.
काढता आला नाही. खरं सांगायचं तर
दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

परवा सगुणचा मुलगा आला होता.
वर्षश्राद्धाला लावायला फोटो हवा होता, रंगमंचावरचा.
माझ्याकडे त्याच्या बापाचे तीन-साडेतीन हजार तास,
चेहरा कुठेच नाही.
एका फ्रेममध्ये फक्त कोपर. सदऱ्याला शाईचा डाग.

नुसता आवाज ठेवला तर सगळं
सर्वांत लहान एसएसडीत मावेल. हिशेब मी केलाय.
सगुण राहील.
संभाजीची तलवार जाईल, पोस्टमनची दाढी जाईल,
पहिल्या रांगेत झोपलेली पोरं जातील,
त्यांतली दोन आता दुबईला आहेत.

"दे," मी म्हणालो,
"दोन टीबीची. फिरणारी."
"निम्मंच मावेल."
"ठाऊक आहे."

घरी येताना सुंगटं अर्धा किलो कमी घेतली.
बायकोने पिशवी हातात तोलून पाहिली,
काही म्हणाली नाही, म्हणजे नंतर म्हणेल.

रात्री डिस्क लावली.
पडद्यावर अजून काळोख,
आणि डब्यातून बारीक कुरकुर,
कुणीतरी वहीचं पान शोधतंय तशी.
मी वाट पाहिली.
मग कुडण्याचं नाटक उघडलं, दुसरा अंक.
खाली प्रश्न: कायमचं काढून टाकायचं?

ट्रकवाला मला रोज चहाच्या गाड्यावर भेटतो.