तुसातले

पाऊस यायच्या आत फर्मिनाने
रायच्या वाफ्यातला निशिगंध उपसला.
कंद झटकले, दोन दिवस ओसरीवर सावलीत,
मग भाताच्या तुसात, बिस्किटांच्या डब्यात.
"झाकण लावू नको, श्वास घेतात ते,"
म्हणाली, आणि स्विंडनला गेली.

माझ्या माळ्यावर पुरुमेंत:
सोलं, सुके बांगडे, मिरच्या,
आणि हे,
कुणाच्याच जेवणात नसलेले.

दर रविवारी चाचपते.
मऊ लागला तो परसात फेकते.
सव्वीस होते, एकोणीस उरलेत.
फोनवर सांगते, सगळे बरे आहेत.

काल एकाला हिरवं टोक.
चवथ लांब, वाफ्यात गुडघाभर पाणी.
त्याच्यावर थोडं तूस ओढलं,
म्हटलं, थांब रे,
तुझ्या बाईला अजून रजा नाही.