दोन मात्रा

तिसरीच्या वहीत मी लिहिलं होतं,
माझे बाबा मैलमध्ये कामाला आहेत.
हंचाटेबाईंनी लाल पेनानं दोन मात्रा खोडल्या,
पहिली वेलांटी दिली :
मिलमध्ये.
आणि समासात, छान.

वर्गात आम्ही बेचाळीस,
त्यातल्या तीसेकांचे वडील मिलमध्ये, नाहीतर मागावर.
चूक माझीच असणार.
भोंगा तर आमच्याही घरी ऐकू यायचा,
आई त्यावर दुपारचा चहा टाकायची.

बाबा तेव्हा अक्कलकोट रोडला,
कुंभारी सोडून वळसंगच्या अलीकडं,
घमेलं, फावडं, डांबराचा डबा घेऊन
आपल्या मैलात.
पगारपत्रकावर पद : मैलकुली.
दगड कधीचे किलोमीटरचे झाले होते,
माणूस तेवढा मैलाचा राहिला होता.
तेराव्या दगडापासून
चौदाव्याच्या पुढं वाकड्या लिंबापर्यंत
रस्ता सरकारचा, पण
खड्डा पडला की साहेब म्हणायचे, तुझा खड्डा.
बाभूळ आत आली, तुझी बाभूळ.
ट्रकखाली गेलेलं कुत्रंसुद्धा
रेवणसिद्ध, तुझं.

मे महिन्यात चपलेचा तळवा डांबराला चिकटून मागं राहायचा.
सायकल हातात धरून कुणीतरी विचारायचं,
अजून किती लांब?
मराठीत विचारलं तर मराठीत,
कानडीत विचारलं तर कानडीत
बाबांचं उत्तर एकच : मैलभर.
अहो, कुठं जायचंय ते तरी विचारा, आई म्हणायची.
बाबा कडक भाकरी मोडत :
मैलाच्या पुढं सिद्रामची हद्द,
तिथनं पुढचं तो सांगंल.

पेपरात कुठल्याशा कारखान्याचं, कुठल्याशा नेत्याचं
काहीतरी नेहमी मैलाचा दगड ठरलेलं असायचं.
मी मोठ्यानं वाचायची.
बाबा चष्मा कपाळावर सारून विचारायचे,
कुणाच्या हद्दीतला?
चुना मारलाय का त्याला?

सातवीत होते तेव्हा भोंगा थांबला.
गल्लीत आठ दिवस लोक
दुपार झाली की एकमेकांना वेळ विचारत होते.
हंचाटेबाई जिन्यात भेटल्या, थांबल्या,
माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या,
आता बाबा काय करतात गं?
तेव्हा सांगता आलं असतं.
घरीच असतात, मी म्हणाले.
त्यांनी पिशवीतून दोन शंभरपानी वह्या काढून दिल्या.
त्या दिवशी बाबा चौदाव्या दगडाला
पांढरा हात देऊन आकडा काळ्यानं गिरवत होते,
संध्याकाळी कोपरापर्यंत चुना घेऊन आले.
वह्या मी लपवून लिहिल्या.
अक्षर बारीक काढलं, लवकर संपू नयेत म्हणून
की लवकर संपाव्यात म्हणून,
आता आठवत नाही.

पेन्शनच्या वेळी खिडकीतला मुलगा
संगणकात बराच वेळ शोधत होता.
काका, मैलकुली असं पद यात नाहीच.
मजूर टाकू?
टाका, बाबा म्हणाले.
मग खिडकीत वाकून,
कंसात मैल लिहा.
कंसाची सोय नाहीये, काका.

परवा वळसंगला लग्नाला निघालो.
रस्ता आता चौपदरी, लिंब गेलेला,
दगड तर कुठं दिसलेच नाहीत.
कुंभारी मागं पडली तसे बाबा खिडकीपाशी सरकले,
काचेला नाक लावून रस्ता बघत राहिले.
यष्टीनं त्यांची तीस वर्षं
तिकिटाचे सुट्टे परत मिळायच्या आत ओलांडली.
खड्डाच नाही, ते म्हणाले,
मुलगा परगावी बरा आहे असं पत्र आल्यावर
म्हणावं, तसे.

मी म्हणाले, बाबा, हंचाटेबाई आठवतात का?
कोण?
माझ्या शाळेतल्या. त्यांना वाटायचं,
तुम्ही मिलमध्ये होता.
ते हसले. बरं हाय की,
सावलीत होतो म्हणायचं.