हजेरी

डोंगळे फुलले की आमच्या शिवारात
फोनवर बोलता येत नसे.
पलीकडचा विचारायचा, गिरणीत हाएस का?
मी म्हणायचो, नाही, कांद्याच्या बियाण्यात.
भोकरदनच्या वरच्या अंगाला, मोहळाच्या माश्यांत.

मागल्या फाल्गुनात मालक म्हणाला, फुलकिडे दिसतात.
सकाळचे दहा. गोंडे नुकते उघडलेले.
मी पंप पाठीला लावला.
बारा पंप पाणी, सहाशे रुपये रोज.
तोंडाला गमछा बांधला होता. माझ्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला
आणि पलीकडचं सगळं नीट ऐकू आलं.

सरीत माश्या पडल्या होत्या,
ज्वारी पाखडल्यावर कोंडा पडतो तशा.
काही जागच्या जागी गरगरत होत्या,
जीभ बाहेर.

कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून न उतरताच बोलला,
बायका लावा, हातानं परागीकरण करा.
मग दैवशाला, केवळबाई, आसराबी,
जुन्या धोतराचे तुकडे हाताला गुंडाळून
ह्या गोंड्यावरून त्या गोंड्यावर,
लेकराचं नाक पुसावं तसं,
एकवीस दिवस.
दैवशाला मध्येच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली:
"कामून रे सोपाना, ह्या कामाची आधी
हजेरी कोण मांडायचं?"
मला उत्तर माहीत होतं. दिलं नाही.

बी काढलं, उफणलं.
निम्मं वाऱ्यानं नेलं.

यंदा माशीवाला रातीच आला,
घनसावंगीकडच्या मोसंबीतून उचललेल्या पेट्या
टेम्पोत, दारांना जाळी.
उतरवताना एकीला त्यानं माझा कान लावला.
आत लांबवर कुणीतरी जातं ओढत होतं.
तो काही बोलला नाही.
भिंतीला टेकवलेल्या माझ्या पंपाकडं बघितलं फक्त.

सकाळी मालकाला सांगून टाकलं:
फूल उघडं असेस्तोवर पंपाला हात लावणार नाही.
फारच नड आली तर दिवेलागणीनंतर,
माश्या घरात गेल्यावर, वारा पडल्यावर.
आणि बाटली आधी मला दाखवा,
त्रिकोण कोणत्या रंगाचा ते बघू द्या.
मालक हसला. "तू माश्यांचा पुढारी झालास का?"
दुसरा पंपवाला बघतो म्हणाला.
बघितला. तो माझा मेव्हणा निघाला.

धुऱ्यापलीकडं टरबुजाचा पट्टा आहे, दुसऱ्याचा.
तिथं भर दुपारी ड्रोन फिरतो.
पहिल्या दिवशी त्या आवाजाला फसलो मी,
म्हटलं, आल्या.
त्याच्याकडं दोनदा जाऊन आलो.
चहा पाजतो, मान हलवतो.
तिसऱ्यांदा दैवशालाला घेऊन जाणार आहे.
धोतराचा तुकडा तिनं अजून टाकलेला नाही.

पेट्यांजवळ परातीत पाणी ठेवलंय,
मध्ये खडे, वर ओलं पोतं.
आज पंप धुऊन उपडा घातला,
हात तीनदा धुतले,
मातीनं, साबणानं, पुन्हा मातीनं.
एक माशी आली,
परात सोडून माझ्या ओल्या अंगठ्यावर उतरू लागली.

मी हात मागं घेतला.