घाणा क्रमांक नऊ

ट्रेनिंगला वैरागडे सरांनी पाकीट उभं फाडून दाखवलं.
बाहेरचा थर नुसता नटवा. फोटो, भाव, गटाचं नाव.
आतला मऊ, आच लागली की स्वतःलाच चिकटतो.
"अन् या दोघांच्या मधात एक हाय,
केसाहून बारीक, कोणाले दिसत नाही.
हवेले आत येऊ देत नाही, वासाले बाहेर जाऊ देत नाही.
सारं काम तोच करते."
"म्हंजे मधली जाऊ," पंचफुला म्हणाली.
ती स्वतः मधली. आम्ही अकराही बाया सतरंजीवर लोळून हसलो.

आधी आमची मिरची साध्या पन्नीत जायची.
दिवाळी येईस्तोवर लाल विटकरी व्हायचं,
तिखट नुसतं नावाला.
पण पोतं चढवलं की नागपूरच्या गाडीचा कंडक्टर
शिंकत शिंकतच तिकीट फाडायचा,
काय हाय म्हणून विचारत नसे.
आता विचारतो.

नियम असा, दर घाण्यातलं एक पाकीट फळीवर ठेवायचं,
सहा महिन्यांनी फोडून वहीत लिहायचं.

आज चौदा मेचं निघालं.
त्या दिवशी लाइट दोनदा गेली,
सीलची पट्टी तापेना,
आणि भरलेलं पाकीट काट्यावर ठेवून मी ओरडले,
"पाच ग्रॅम जास्त! दरेकात पाच!
मिरची तुह्या बापाची हाय काय?"
पंचफुला बोलली नाही.
हातमोजे काढले, उलटे झटकले,
खिळ्याला अडकवले.
जूनपासून उमरेडच्या कंपनीच्या गाडीत दिसते,
तोंड पलीकडच्या खिडकीकडे.

कात्री लावली
आणि मे महिना बाहेर आला,
जसाच्या तसा, तापल्या पत्र्यासकट.
मी शिंकले. पुन्हा शिंकले.
ती मोजून तीन शिंकायची.

रंग ठीक. वास ठीक. ओल नाही.
मिरची ताटात ओतली,
रिकामं पाकीट टेकवायला जागा नव्हती
म्हणून काट्यावर ठेवलं.
पाच.

पन्नीला वजनच नसायचं,
आम्हाला कुठं ठाऊक.
उचललं, काटा पुसला, परत ठेवलं.
पाच.

असली पाकिटं भंगारवाला घेत नाही.
"तिन्ही थर कोण सोडवत बसंल, बाई?" म्हणतो.
झटकून, घडी करून पदराच्या गाठीत बांधलंय.
कंपनीची गाडी फाट्यावर सहा वीसला थांबते,
अर्धा मिनिट.