पोटरी

पहिल्यांदा पडले ती सावळजच्या शेडवर.
निवडणीच्या टेबलाला धरून उठले आणि लगेच खाली.
डोळे उघडले तर नाकाशी कांदा,
मुकादमीण म्हणत होती, "सोड गं आता ते उपास."

दुसऱ्यांदा जिन्यात. तीनच पायऱ्या चढले होते.
छातीत कुणीतरी दार लोटून घेतलं,
मग काहीच नाही,
मग जावेचं तोंड, उलटं, आणि तिचा एक डूल.
गावातल्या डॉक्टरनी बीपी बघितलं, सलाईन लावलं,
चाळिशी म्हणाले.
सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरल्या.

सगळे डोकं बघत होते.
मीही डोकंच दाखवत होते.

डाव्या पायाचं प्लास्टर निघून अकरा दिवस झालेले.
पौषात कोल्ड स्टोरेजच्या ओल्या फरशीवर घसरले,
सहा आठवडे खाटेवर, पाय उशीवर.
पोटरी सुजली होती, ठणकायची, हाताला गरम लागायची.
हाड जुळताना व्हायचंच एवढं,
असं मीच सगळ्यांना सांगितलेलं.

तिसऱ्यांदा मिरजेत, केसपेपरच्या रांगेत.
त्यामुळं नंबर लवकर लागला.
डॉक्टरीण कोवळी, धाकट्या नणंदेच्या वयाची.
बोटाला चिमटा लावला, आकडा बघून गप्प झाली,
मग साडी गुडघ्यापर्यंत सारून
दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या,
शिंपी बाही मोजतो तशा.
डावी तीन सेंटिमीटर जास्त.
"इथली गुठळी फुप्फुसात गेलीय," म्हणाली,
"वाट अडली की रक्त पुढं सरकत नाही. माणूस पडतो."

गुठळी.
बावीस वर्षं हातात तेच काम.
दमट हवेत बेदाणा एकमेकाला धरतो,
त्याचं ढेकूळ होतं,
ते बोटांनी मोकळं करायचं, दाणा न फुटता.
किती पोती केली असतील अशी.
आणि एक पायात बसली होती,
चालायला लागले तशी तीही निघाली.

पोटावर सुया घेतल्या. निळे डाग पिवळे होऊन गेले.
आता रात्री साडेआठला गोळी,
महिन्यातून एकदा मिरज, रक्त किती पातळ आहे बघायला.
भाजी चिरताना जपून.

शेडवर बायका विचारतात, नक्की काय झालं होतं?
मी म्हणते, आधी उभी राहा.
काल अक्काताईनं हसत हसत लुगडं वर धरलं,
काटक पाय, गंधकाचा वास,
दोन्हीकडं सारखेच दिसत होते.
तरी मी टेप लावला.